लिहून बोलण्याची सोय कुणाच्या हातात?

मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे मला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. निदान तिशी उलटून गेल्यावर झालं. तोपर्यंत घरात हट्टी, शाळेत घुमी आणि कामाच्या ठिकाणी शिष्ट, अशी माझी ओळख होती. ठाण्यात नौपाड्याला आईबरोबर राहते आणि पाचपाखाडीतल्या एका आर्किटेक्टकडे ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढते. काम मला मनापासून आवडतं. आज लिहायचं आहे ते एका भीतीबद्दल. माझं आणि माझ्यासारख्या अनेकांचं रोजचं जगणं ज्या ॲप्सवर आणि ऑनलाइन गटांवर चालतं, त्यातलं काहीही आमच्या हातात नाही. ते बदलतं तेव्हा आम्हाला कुणी विचारत नाही, आणि बंद होतं तेव्हा सांगतही नाही.

आधी हे सांगायला हवं की आम्हाला त्याची एवढी गरज का पडते.

फोनवर समोरचा माणूस बोलतो ते शब्द मला ऐकू येतात, पण त्यांचा अर्थ लागेपर्यंत त्याचं पुढचं वाक्य येऊन पडलेलं असतं. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असला, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत असला, की ते सगळे आवाज एकाच पातळीवर कानात शिरतात आणि त्यातून फोनवरचा आवाज वेगळा काढता येत नाही. मग मी 'हो, हो' म्हणत राहते. कशाला हो म्हटलं, ते फोन ठेवल्यावर शोधावं लागतं. लिहिलेलं मात्र जागेवर थांबतं. ते पुन्हा वाचता येतं. उत्तर लिहावं, खोडावं, परत लिहावं, कुणी घाई करत नाही. आमच्या साहेबांनी हे फार लवकर ओळखलं. शेजारच्या केबिनमध्ये बसून ते मला मेसेज करतात, 'जिना १.२ मीटर धरा, डक्ट मागे सरकवा.' आणि ते ड्रॉइंग मी दुसऱ्यांदा न विचारता पूर्ण करते. तोंडी सांगितलं असतं तर त्यातली डक्ट माझ्याकडून नक्की निसटली असती.

मावशी म्हणते, सारखं त्या मोबाइलमध्ये काय आहे, जरा माणसांत मिसळ. मी मिसळते ती तिथेच, मावशी. तिथे माणसंच आहेत.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याच्या कठड्याला हातही न लावता दोन-दोन पायऱ्या उतरणारी मुलं आहेत, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कठड्याशिवाय एक पायरी उतरू न शकणारी आई आहे. सोसायटीने रंगकामासाठी कठडा काढला तर मुलांना पत्ताही लागणार नाही, आई मात्र घरात अडकेल. लेखी संवाद आम्हाला असा लागतो. सगळेच तो वापरतात, म्हणून कुणाला तो आधार वाटत नाही.

किराण्याचंच घ्या. पूर्वी आई कोपऱ्यावरच्या वाण्याला फोन करायची आणि तो पोऱ्याकडून सामान पाठवायचा. आईला आता ऐकायला कमी येतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि मी ॲप घेतलं. ते मला चांगलं जमलं. डावीकडे जुन्या ऑर्डरी, त्यातून 'परत मागवा', मग पत्ता, मग पैसे. डोळे मिटून करता आलं असतं इतकं ते पाठ झालं होतं. त्याला पाठांतर म्हणणं तेवढं बरोबर नाही, माझ्या आठवड्याची ती एक न हलणारी वस्तू होती. दर शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर किराणा.

एका शुक्रवारी ती पडद्यावरून नाहीशी झाली. जुन्या ऑर्डरी तिसऱ्या पानाआड गेल्या होत्या, वर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आला होता आणि बटणांचे रंग बदलले होते. भाऊ पुण्यात असतो, त्याला विचारलं तर त्याच्या मोबाइलवर सगळं जुनंच दिसत होतं. नंतर कळलं की कंपन्या मुद्दाम वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळे पडदे दाखवून बघतात, कुठल्यावर जास्त खरेदी होते ते. म्हणजे माझ्या शुक्रवारावर कुणीतरी प्रयोग करत होतं, आणि नको म्हणायला जागा नव्हती. त्या रात्री किराणा आला नाही. मी बराच वेळ बाथरूममध्ये दिवा बंद करून बसले, कारण तो हलणारा व्हिडिओ डोळ्यांतून जात नव्हता. ज्याला असं होत नाही त्याला हे अतिरेकी वाटेल. ज्याला होतं, तो हे वाचताना मान हलवत असेल.

सामान घेऊन येणाऱ्या मुलांबद्दल तक्रार नाही. सूचनेत 'फोन करू नये, दाराशी ठेवावे' असं लिहिलं तरी फोन येतोच, कारण त्यांना ती सूचना नीट दिसतच नाही आणि मिनिटांचा हिशोब त्यांच्या डोक्यावर असतो. अडचण आहे ती मदत मागायची वेळ येते तेव्हा. पूर्वी बऱ्याच ॲप्सवर माणसाशी लिहून बोलता यायचं. आता तिथे यंत्र उत्तरं देतं, चार ठरलेले पर्याय दाखवतं, आणि त्यात माझा प्रश्न बसला नाही की शेवटी म्हणतं, 'आमच्या हेल्पलाइनवर कॉल करा.' ज्या दारातून मला जाता येत नाही, तेच एक दार शेवटी उघडं ठेवलेलं असतं.

बँकेचा अनुभव याहून कठीण होता. केवायसी, म्हणजे खातेदाराच्या ओळखीची पडताळणी, नव्याने करायचं होतं आणि ते व्हिडिओवर होतं. समोरची मुलगी सभ्य होती, पण तिला ठरलेला मजकूर ठरलेल्या वेळात म्हणायचा होता. कॅमेऱ्याकडे बघा. डोळे मिचकावा. पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचा. आता इकडे बघा, आता तिकडे. कुणाच्याही डोळ्यांकडे बघत असताना मला ऐकलेलं समजत नाही, आणि कॅमेऱ्याकडे बघताना पडद्यावरचे आकडे वाचणार कसे? मी खाली बघून ऐकू लागले तर ती म्हणाली, 'मॅम, तुमच्या शेजारी कुणी आहे का?' तिला संशय आला की मला कुणीतरी सांगतंय. पडताळणी नाकारली गेली आणि खात्यातून पैसे काढणं थांबलं. घरभाडं त्याच खात्यातून जातं.

हे केवळ माझं दुखणं नाही, हे मला नंतर वाचून कळलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले होते, कारण व्हिडिओ पडताळणीत डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून त्यांची कामं अडत होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं. केवायसीबाबत वीस निर्देश दिले. दिव्यांगांसाठी कागदावरच्या केवायसीचा पर्याय चालू ठेवावा, आणि नाकारलेले अर्ज माणसाने तपासण्याची व्यवस्था असावी, हे त्यात आहे. खटला पापण्यांवरून उभा राहिला, पण नजर स्थिर न ठेवू शकणाऱ्यांनाही तो तितकाच लागू पडतो असं मी मानते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत त्यात स्वमग्नता आहे. १९९५ च्या आधीच्या कायद्यात ती नव्हती.

निकालाची प्रत छापून मी शाखेत गेले. बोलले नाही, पत्र दिलं. पत्रात लिहिलं होतं की मी ऑटिस्टिक आहे, प्रश्न कागदावर द्या, उत्तरं कागदावर देईन. शाखेतल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि मला आतल्या खोलीत बसवलं, जिथे टोकन नंबरचा आवाज येत नव्हता. काम झालं. त्या बाईंचे मी आभार मानले ते लिहूनच. पण प्रत्येकाच्या वाट्याला अशी शाखा येत नाही, आणि काही बँकांना आता जवळपास शाखाच नाही.

आता आमच्या गटाबद्दल. ठाणे, डोंबिवली, कल्याण, ऐरोली, नेरूळ, खारघर अशा ठिकाणचे आम्ही ऑटिस्टिक प्रौढ एका ॲपवर एकत्र आलो. बहुतेक बायका, बहुतेकींचं निदान उशिरा झालेलं. आमच्या गप्पा बाहेरच्याला कंटाळवाण्या वाटतील. ब्लाऊजच्या आतली शिवण टोचू नये म्हणून शिंप्याला काय सांगायचं. ठाणे स्टेशनवर संध्याकाळी सॅटिसच्या पुलावरून न जाता कुठून बाहेर पडायचं. गणपतीत मिरवणुकीचा रस्ता कुठला आणि त्या रात्री ढोल-ताशे किती वाजेपर्यंत सोसावे लागतील. लग्नाच्या हॉलमध्ये कुठे उभं राहिलं तर स्पीकर समोर येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर नेमकं काय सांगायचं असतं. आणि कुणाला बोलणं बंद पडेल असा दिवस आला, तर ती फक्त एक टिंब पाठवायची. टिंब म्हणजे मी आहे, पण शब्द नाहीत. उरलेल्या आम्ही टिंबच पाठवायचो.

या गप्पांतून हळूहळू एक साठा झाला होता. प्रौढांचं निदान करणारे आणि लहान मुलासारखं न वागवणारे डॉक्टर कोण. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरताना कुठल्या रकान्यात लोक अडकतात. सरकारी रुग्णालयात मूल्यमापन इसा नावाच्या मापनपट्टीवर होतं, तिच्यात चाळीस बाबी असतात, तर त्या दिवशी बरोबर कुणाला न्यायचं आणि लहानपणाच्या कुठल्या आठवणी लिहून न्यायच्या. वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे काय मिळतं. हे सगळं कुणीतरी स्वतः धक्के खाऊन लिहिलेलं.

एके सकाळी गट उघडला नाही. गट चालवणारीचं खातं नियमभंगाच्या कारणावरून बंद झालं होतं. कुठला नियम, ते सांगितलं नव्हतं. आमच्यात कुणाकुणाला आत्महत्येचे विचार येतात आणि ती ते स्पष्ट शब्दांत लिहिते, कारण आम्ही आडून बोलत नाही. असे शब्द यंत्राने पकडले असावेत, असा आमचा अंदाज आहे. अपील करायचा फॉर्म होता. त्याला आलेलं उत्तरही यंत्राचंच. कित्येक वर्षांचं लिखाण गेलं. पण त्याहून वाईट म्हणजे आमच्यातल्या एक-दोघींशी संपर्कच तुटला. आम्ही एकमेकींना टोपणनावांनी ओळखत होतो. एकीबद्दल मला एवढंच माहीत आहे की ती कळव्याला राहते, तिच्याकडे दोन मांजरी आहेत आणि तिला पावसाळ्यात ओल्या छत्र्यांचा वास सहन होत नाही. तिचे आदल्याच आठवड्यात टिंब येत होते.

असं याआधी घडलेलं आहे आणि मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. ऑटिस्टिक प्रौढांनी एकमेकांना शोधलं ते १९९०च्या दशकात ई-मेलच्या गटांमधून. दिसण्या-बोलण्याचा दबाव नाही, त्यामुळे जगभरातले लोक पहिल्यांदा आपल्यासारख्यांशी मोकळं बोलले. पुढे ई-मेलचे कितीतरी गट याहूवर गेले. याहूने डिसेंबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकायला घेतला आणि १५ डिसेंबर २०२० ला ती सेवाच बंद केली. आपल्याकडे ऑर्कुट हे फेसबुकसारखं संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ ला संपलं. ज्यांच्या आयुष्यात कट्टा आहे, सोसायटीचा हळदीकुंकू आहे, ऑफिसचा डबा एकत्र खाणं आहे, त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि दुसरीकडे गेले. आम्हाला नवीन जागी नवीन माणसांशी ओळख करून घ्यायला लागणारा काळ मोठा असतो, आणि काही जणी तो काळ पार करूच शकत नाहीत.

सगळ्यात काळजी वाटते ती न बोलणाऱ्या मुलांची. ऐरोलीतला एक मुलगा टॅबवर चित्रं दाबून बोलतो. पवईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो हे मोफत ॲप मराठीतही आहे, त्याने सुरुवात तिथून केली आणि आता दुसरं एक विकत घेतलेलं वापरतो. त्याची आई म्हणते, 'टॅबने अपडेट मागितलं की माझ्या पोटात गोळा येतो.' ही भीती हवेतली नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत दोन कंपन्यांनी पेटंटचा दावा लावला आणि 'स्पीक फॉर युअरसेल्फ' हे बोलण्यासाठीचं ॲप खटला चालू असतानाच ॲपलच्या दुकानातून काढलं गेलं. ज्यांच्या टॅबवर ते होतं त्यांचं चालू राहिलं, पण पुढच्या अपडेटमध्ये ते बंद पडलं तर दुरुस्ती कुठून येणार, हा प्रश्न घेऊन पालक बसले होते. नंतर तडजोड झाली. पण मुलाचा आवाज दोन कंपन्यांच्या भांडणात गहाण पडू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. ऐरोलीच्या त्या मुलाच्या आईने आता चित्रांची छापील वही केली आहे, लॅमिनेट करून. मुलाला ती आवडत नाही, पानं उलटायला वेळ लागतो म्हणून. तरी ती रोज संध्याकाळचं जेवण त्या वहीतूनच मागायला लावते, सवय राहावी म्हणून.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आमच्या गटात तीव्र मतभेद आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये असं आहे की कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीची माहिती वापरण्याआधी त्या पालकाची खातरजमा करता येईल अशी संमती घ्यावी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम असलेल्या प्रौढांना जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून मिळतो. बऱ्याच आईवडिलांनी ते प्रमाणपत्र बँकेच्या किंवा मालमत्तेच्या कामासाठी काढलेलं असतं. आमच्यातल्या डोंबिवलीच्या एका मुलाकडे ते आहे. तो पंचविशीत आहे, कोडिंगची कामं करतो, आणि घरात जे बोलता येत नाही ते गटात लिहितो. त्याने कुठल्या गटात असावं हे उद्या वडिलांच्या संमतीवर ठरणार का? त्याचे वडील भले गृहस्थ आहेत. प्रश्न तो नाही. फसवणुकीपासून संरक्षण हवंच. आमच्यातल्या एकीला 'मैत्रिणी'ने गोड बोलून लुबाडलंय. पण संरक्षण देताना त्याचा एकमेव खासगी कोपरा जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

खासगीपणाचं तर काय सांगावं. आम्ही लिहितो ते सगळं उघडंवाघडं असतं, झोपेच्या गोळ्या, घरातली भांडणं, नोकरी कशी गेली. एकीच्या लिखाणाचा स्क्रीनशॉट तिच्या बहिणीच्या होणाऱ्या सासरी पोचला आणि त्या लग्नाची बोलणी थांबली. बहीण तिच्याशी बोलत नाही. आणि 'ऑटिझम' शब्द एकदा शोधला की पुढे कित्येक दिवस बरं करून देण्याच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. ऑटिझमवर स्टेम सेल उपचार करू नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलेलं आहे, तरी नव्याने निदान झालेल्या मुलांच्या आईवडिलांच्या मोबाइलवर ते येतच राहतं. निदानानंतरचे ते पहिले दिवस किती हळवे असतात, हे जाहिरात दाखवणाऱ्यांना नेमकं ठाऊक असतं.

यावर ऑनलाइन जगणं सोडा, हा उपाय नाही. रविवारी सकाळी आम्ही काही जणी कचराळी तलावाला भेटतो. फेऱ्या मारणाऱ्यांच्या बाजूला न बसता पलीकडच्या बाकांवर बसतो. कुणी बोलतं, कुणी विणतं, कुणी मोबाइलवरून शेजारी बसलेल्या मैत्रिणीलाच मेसेज करतं. मला त्या सकाळी फार आवडतात. पण खारघरची एक जण गर्दीच्या भीतीने ट्रान्स-हार्बरच्या लोकलने येऊ शकत नाही आणि कल्याणची एक जण गेल्या पावसाळ्यापासून घराबाहेर पडलेली नाही. त्यांना कचराळी सांगून काय उपयोग. त्यांच्यासाठी ऑनलाइन जागा हवीच, फक्त ती एका खात्याच्या धाग्यावर लटकलेली नको.

म्हणून नवा गट दोन वेगळ्या ॲप्सवर आहे आणि प्रत्येक ठिकाणी तीन जणी तो चालवतात. ज्यांना चालेल त्यांचे खरे पत्ते एका वहीत आहेत. ती वही माझ्या कपाटात आणि तिची नक्कल नेरूळला. कुणी बराच काळ दिसली नाही तर पोस्टकार्ड टाकायचं, फोन नाही, हे सगळ्यांच्या संमतीने ठरलंय. डॉक्टरांची यादी, यूडीआयडीची माहिती, शिंप्याला दाखवायचं रेखाचित्र, असं जे आठवलं ते आम्ही पुन्हा लिहून काढलं आणि राम मारुती रोडजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या प्रती काढल्या. रेखाचित्रं मी ऑटोकॅडवर काढली, शिवणीची मापंसुद्धा टाकली.

कळव्याची ती अजून सापडलेली नाही. ती हे वाचत असेल तर टिंब पाठवावं, कुठूनही.

आमच्या त्या माहितीच्या पुढच्या प्रतीत बँकेच्या शाखेत द्यायच्या पत्राचा मराठी मसुदा घालणार आहोत, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची तारीख आणि खटल्याचं नाव त्यात छापलेलं असेल. खाली नाव, खातं क्रमांक आणि सही, एवढंच भरायचं. शाखेत काही बोलावं लागू नये म्हणून पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय: कृपया मला लिहून विचारा.